टॉविड टाऊ पेट स्कॅन: रोग कुठवर पोचला ते सांगतो, कुठून निघाला ते नाही

फ्लोर्टॉसिपिर, बाजारातलं नाव टॉविड. अल्झायमरमध्ये चेतापेशींच्या आत टाऊ प्रथिनाचे जे गुंते होतात त्यांना चिकटणारं हे किरणोत्सारी औषध. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मे २०२० मध्ये त्याला मंजुरी दिली; टाऊसाठी मंजुरी मिळालेलं ते पहिलंच. शिरेतून टोचायचं, ८० मिनिटं थांबायचं, मग २० मिनिटं पेटच्या मशीनमध्ये, म्हणजे शरीरातल्या किरणोत्सारी औषधाची चकाकी टिपणाऱ्या यंत्रात, पडून राहायचं. प्रकार एवढाच. अवघड काम पुढे, चित्र वाचताना सुरू होतं. कारण या स्कॅनचा सगळा भर ‘कुठे’ या प्रश्नावर आहे. अल्झायमरमध्ये मेंदूचे काही भाग आधी आणि जबर मार खातात, काही जवळजवळ शेवटपर्यंत धड राहतात. हा भेदभाव ज्याला माहीत नाही, त्याची ‘निगेटिव्ह’ या एका शब्दाने हमखास फसगत होते.

आधी मोजपट्टी पाहू, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. पेटच्या चित्रात नुसत्या चकाकीला अर्थ नसतो. कशाच्या तुलनेत किती, हे ठरवावं लागतं. टॉविडच्या माहितीपत्रकात ती तुलना लहान मेंदूशी करायला सांगितली आहे. लहान मेंदूतल्या किरणोत्साराची सरासरी काढायची, एका जागी झटकन रंग पालटणारी दोन रंगांची पट्टी घ्यायची आणि तो पालट सरासरीच्या १.६५ पटीवर आणून ठेवायचा. त्याच्या वर गेलेला भाग ‘पेटला’ म्हणायचा. लहान मेंदूच का? अल्झायमरमध्ये तिथे टाऊचे गुंते जवळजवळ होतच नाहीत. अमायलॉइड, म्हणजे पेशींच्या बाहेर साचणारं या रोगातलं दुसरं प्रथिन, शेवटच्या टप्प्यात तिथपर्यंत पोचतं, टाऊ नाही. म्हणजे रोगाने जो भाग सोडून दिला, तोच आपला शून्याचा खुंटा.

हा खुंटा हलला की सगळं हललं. लहान मेंदूवर आखलेला चौकोन जरा वर सरकला तर त्यात वरच्या ऑक्सिपिटल (डोक्याच्या मागच्या) किंवा टेम्पोरल (कानशिलाकडच्या) भागाची चकाकी सांडते. समजा खरी सरासरी १० होती, तर उंबरठा १६.५. सांडलेल्या चकाकीमुळे सरासरी ११ झाली की उंबरठा १८.१५. आता १७ वर असलेला भाग, जो पॉझिटिव्ह धरायला हवा होता, तो चित्रात थंड दिसतो. स्कॅन चालू असताना डोकं अर्ध्या सेंटिमीटरने हललं तरी असंच होऊ शकतं. रिपोर्टमध्ये संदर्भभाग कोणता घेतला आणि हालचाल तपासली का, या दोन गोष्टी लिहिलेल्या नसतील तर विचारून घ्याव्यात. यात कुणाचा अपमान होत नाही.

पुढची पायरी कानशिलामागच्या टेम्पोरल भागाची. तो चार तुकड्यांत वाटायचा: पुढचा बाहेरचा, पुढचा आतला, मागचा बाहेरचा, मागचा आतला. मग ऑक्सिपिटल, परायटल (टाळूखालचा), प्रिक्युनिअस (परायटलची आतली, मध्यरेषेकडची बाजू) आणि शेवटी फ्रंटल (कपाळामागचा). नियम असा: मागचा बाहेरचा टेम्पोरल, ऑक्सिपिटल किंवा परायटल-प्रिक्युनिअस पेटला असेल तर पॉझिटिव्ह, फ्रंटल पेटो न पेटो. चकाकी फक्त आतल्या टेम्पोरल भागात, पुढच्या बाहेरच्या टेम्पोरलमध्ये किंवा फ्रंटलमध्येच असेल, तर रिपोर्ट निगेटिव्ह.

इथे भलेभले अडखळतात. आतला टेम्पोरल भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला एंटोरायनल कॉर्टेक्स (कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर), स्मरणशक्तीचं ठाणं. अल्झायमरची सुरुवात तर तिथेच होते, मग तिथली चकाकी मोजायची नाही हा कुठला न्याय? न्याय आहे. हायको आणि इव्हा ब्राक यांनी १९९१ मध्ये टाऊच्या पसरण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या. पहिल्या दोन एंटोरायनल आणि त्याच्या काठाच्या भागात, तिसरी-चौथी हिप्पोकॅम्पस आणि भोवतालच्या, स्मृती आणि भावनांशी जोडलेल्या लिंबिक भागात, पाचवी-सहावी बाकी कॉर्टेक्सभर. पहिल्या पायऱ्या म्हातारपणी इतक्या सर्रास सापडतात, की तिथला टाऊ एकट्याने अल्झायमर सिद्ध करत नाही. अमायलॉइड नसताना टाऊ आतल्या टेम्पोरल भागातच अडकून राहिलेली अनेक माणसं असतात. २०१४ मध्ये या अवस्थेला वेगळं नावही दिलं गेलं. टाऊ कुंपण ओलांडून बाहेरच्या टेम्पोरल भागात आला की रोगाचा रंग बदलतो. स्कॅनचा नियम त्या कुंपणावरच उभा आहे.

याची किंमत मात्र मोजावी लागते. मंजुरीसाठी झालेल्या अभ्यासात स्कॅन आधी आणि शवविच्छेदन नंतर अशी ६४ माणसांची तुलना होती. पाचव्या-सहाव्या पायरीचा टाऊ ओळखण्यात स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांच्या बहुमताची संवेदनशीलता (असलेल्यांतले किती पकडले) ९२ टक्के, विशिष्टता (नसलेल्यांतले किती बरोबर वगळले) ८० टक्के निघाली. पुढे गेलेल्या रोगासाठी हे आकडे उत्तम आहेत. चौथ्या पायरीवरचा, नुकता विसरायला लागलेला माणूस मात्र या जाळीतून सहज निसटतो. त्याच्या हातात ‘निगेटिव्ह’ पडतो आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. त्या कागदाचा खरा अर्थ एवढाच, की टाऊ अजून कॉर्टेक्सभर पसरल्याचं दिसत नाही. रोग नाही, असं तो म्हणत नाही.

आता मूळ प्रश्न. एंटोरायनल कॉर्टेक्सच आधी का? तिथल्या दुसऱ्या थरातल्या पेशी जवळून पाहिल्या तर उत्तराचा बराचसा भाग हाती लागतो. या मोठ्या पेशी लहान-लहान बेटांत बसलेल्या असतात. त्यांचे लांब तंतू एका जाड जुडग्यातून हिप्पोकॅम्पसमध्ये शिरतात. कॉर्टेक्सकडून हिप्पोकॅम्पसला जाणारी मुख्य वाट हीच. नव्या आठवणीसाठी जोडण्या सतत मोडायच्या आणि बांधायच्या असं त्यांचं काम, त्यामुळे ऊर्जेचा खर्च मोठा, कॅल्शियमची उलाढाल मोठी आणि तंतूंवर मायलिनचं आवरण मात्र बेताचं. टाऊ हे प्रथिन मुळात तंतूंच्या आतले सूक्ष्म रूळ घट्ट धरून ठेवतं. त्याच्यावर फॉस्फेटचे फार गट चढले की ते रुळांवरून सुटतं आणि एकमेकांत गुंततं. लांब तंतू, कमी आवरण आणि जास्त राबणूक असलेल्या पेशीत हे व्हायला जागा जास्त.

नुकसान किती लवकर होतं ते १९९६ च्या एका पेशीमोजणीत दिसलं. लक्षणं अगदी सौम्य असलेल्या माणसांतही दुसऱ्या थरातल्या सुमारे ६० टक्के आणि चौथ्या थरातल्या सुमारे ४० टक्के पेशी गेलेल्या होत्या. तीव्र अवस्थेत हेच आकडे ९० आणि ७० टक्क्यांच्या आसपास. दुसरा थर हिप्पोकॅम्पसला माहिती देतो, चौथा तिथून आलेली माहिती पुढे धाडतो. दोन्ही पडले की हिप्पोकॅम्पस जागेवर असूनही बेटासारखा तुटतो. सकाळची गोष्ट दुपारी आठवत नाही, पण लहानपणची शाळा आठवते, त्यामागचं एक मोठं कारण हे.

एकाच भागात शेजारी-शेजारी बसलेल्या पेशींचं नशीबही सारखं नसतं. हिप्पोकॅम्पसमध्ये सीए१ हा पट्टा लवकर झडतो. शेजारचा सीए३ आणि डेंटेट जायरस या दुमडीतल्या दाणेदार पेशी त्यामानाने टिकतात. २०२१ मध्ये एकेका पेशीचं आरएनए वाचून केलेल्या अभ्यासात एंटोरायनलमधल्या उत्तेजक पेशींपैकी आरओआरबी हे जनुक चालू असलेल्या पेशी आधी घटताना दिसल्या. म्हणजे भाग दुबळा असतो असं म्हणण्यापेक्षा, दुबळ्या पेशी काही भागांत जास्त असतात हे म्हणणं बरोबर. स्कॅनला ही बारीक नजर नाही. पेटच्या चित्राचा एक ठिपका काही मिलिमीटरचा, आणि त्यात लाखो पेशींची सरमिसळ.

पसरण्याचा मार्गही महत्त्वाचा. नुसत्या एंटोरायनलमध्ये मानवी टाऊ तयार होईल अशा उंदरांवर २०१२ मध्ये प्रयोग झाले, तेव्हा काही काळाने तो टाऊ जोडणीच्या पलीकडच्या डेंटेट जायरसमध्येही सापडला. टाऊ जवळच्या जागेपेक्षा जोडलेल्या जागी जातो, आणि पेशी जितकी चालू तितका तिच्यातून बाहेर पडणारा टाऊ जास्त. लहान मेंदू का सुटतो याचंही एक संभाव्य स्पष्टीकरण इथेच मिळतं: कॉर्टेक्सकडून त्याच्याकडे येणारे निरोप पॉन्स या मेंदूच्या देठातल्या भागातल्या केंद्रांत थांबून, दुसऱ्या पेशींवर लादून पुढे जातात.

स्कॅनची सगळ्यात मोठी आंधळी जागा ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, आहे. लोकस सेरुलियस हा निळसर ठिपका जेमतेम दीड सेंटिमीटर लांब आणि दोन-एक मिलिमीटर जाड. पेशी काही दहा हजार, पण त्यांचे आवरण नसलेले तंतू मेंदूभर पसरलेले. या पेशी घड्याळासारख्या आपणहून ठोके देत राहतात, त्यासाठी कॅल्शियम आत घेत राहतात आणि त्याचा ताण त्यांच्या मायटोकॉन्ड्रियावर पडतो. ब्राक यांच्या गटाने २०११ मध्ये १ ते १०० वर्षं वयाच्या २,३३२ मेंदूंची तपासणी मांडली. त्यात टाऊचे सुरुवातीचे बदल कॉर्टेक्सच्या कितीतरी आधी, तरुण वयातच, इथे दिसले. आणि टॉविड? या ठिपक्याचा आकार मशीनच्या नजरेपेक्षा लहान, वर तिथल्या पेशींत न्यूरोमेलॅनिन हे काळं रंगद्रव्य, ज्याला औषध टाऊ नसतानाही चिकटतं. जिथून वाट सुरू होते तिथे हा नकाशा कोराच.

हे नको तिथे चिकटणं हा टॉविडचा खरा दोष, आणि त्याचे गुण कापायलाच हवेत. मेंदूच्या मध्यात स्ट्रायटम चकाकतो, सब्स्टॅन्शिया नायग्रा चकाकतो. तिथली चकाकी मोजायची नसते हे शिकलेल्या वाचकाला माहीत असतं. त्रास देतो तो कोरॉइड प्लेक्सस. मेंदूतल्या पोकळीतली ही झालर हिप्पोकॅम्पसला खेटून बसलेली, आणि तिची चकाकी हिप्पोकॅम्पसवर सांडते. हिप्पोकॅम्पसचा स्वतंत्र आकडा रिपोर्टमध्ये छापून आला असेल तर त्याच्यावर फार भार टाकू नये. एंटोरायनलचा आकडा त्यापेक्षा विश्वासाचा.

उलट बाजूने एक सोपी खूण. चित्रात डोक्याच्या मध्यावरून कानाकडे उतरणारी हालचाल-संवेदनेची पट्टी शोधावी. रोग बराच पुढे गेलेला असला, पुढे फ्रंटल आणि मागे परायटल रंगलेले असले, तरी मध्ये ही पट्टी बहुधा थंड राहते. हालचाल, स्पर्श आणि दृष्टी यांचे प्राथमिक भाग बाळपणी आधी मायलिन चढवून घेतात आणि रोगात शेवटी हात टेकतात. उशिरा आणि पातळ आवरण चढलेले सहयोगी भाग आधी पडतात. मुलगा ओळखू येत नाही पण हात घट्ट धरता येतो, ते यामुळेच. टेम्पोरल थंड आणि ही पट्टीच सगळ्यांत जास्त पेटलेली असेल तर आधी मशीन, हालचाल आणि हाताळणी तपासावी. ती नीट असेल तर वेगळ्या रोगाचा विचार करावा. मात्र सुप्रान्यूक्लिअर पाल्सीसारख्या टाऊच्याच दुसऱ्या रोगांत या औषधावर विसंबू नये. तिथल्या टाऊची घडण वेगळी असते आणि टॉविड त्याला नीट धरत नाही.

नेहमीचा क्रम सगळे रुग्ण पाळत नाहीत, आणि तिथे हा स्कॅन पैसे वसूल करून देतो. ८८९ मेंदूंच्या २०११ मधल्या एका पाहणीत सुमारे ७५ टक्के नेहमीच्या नमुन्याचे होते, ११ टक्क्यांत हिप्पोकॅम्पस बराचसा वाचलेला होता, १४ टक्क्यांत उलट मुख्य मार लिंबिक भागावरच होता. हिप्पोकॅम्पस वाचलेले रुग्ण बहुधा वयाने कमी असतात. डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो डोळे ठीक, पण माणसाला ओळ वाचता येत नाही, कपाचा कान सापडत नाही. अशा रुग्णाच्या स्कॅनमध्ये मागचा ऑक्सिपिटल-परायटल भाग पेटलेला असतो. शब्द सापडत नाहीत अशी मुख्य तक्रार असेल तर डावी बाजू जास्त. टाऊची जागा आणि तक्रार एकमेकांना इतकी चिकटून असतात की वाचकाला तक्रार कळवलेली असणं हा चांगल्या रिपोर्टचा अर्धा भाग आहे.

अमायलॉइड पेटचं असं नाही. अमायलॉइड आधी प्रिक्युनिअस, मागचा सिंग्युलेट (मध्यरेषेवरची आतली पट्टी) आणि कपाळामागच्या खालच्या भागात साचतं, म्हणजे माणूस काही न करता विचारांत असतो तेव्हा जास्त चालू असणाऱ्या जाळ्यात. हिप्पोकॅम्पसचा नंबर नंतर येतो. त्यामुळे अमायलॉइड कुठे आहे यावरून लक्षणं सांगता येत नाहीत. ते आहे की नाही एवढंच उपयोगाचं. प्रश्न ‘अल्झायमरची प्रक्रिया सुरू आहे का’ असा असेल तर अमायलॉइड पेट पुरे. त्याहून सोपा मार्ग रक्तातल्या पी-टाऊ२१७ या फॉस्फेट चढलेल्या टाऊच्या मोजणीचा. मे २०२५ मध्ये एफडीएने ५५ वर्षांवरच्या, लक्षणं असलेल्या माणसांसाठी अशा पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली. रक्त मात्र जागा सांगत नाही.

एमआरआय झालेला असतोच, पण टाऊचं काम त्याच्याकडून करून घेऊ नये. त्यात दिसणारं मेंदूचं आकुंचन हा परिणाम, आणि टीडीपी-४३ प्रथिनाच्या रोगातही हिप्पोकॅम्पस तसाच आकसतो. ग्लुकोजचा पेट मागच्या सिंग्युलेटमधली मंदी छान दाखवतो, मात्र उपाशी राहावं लागतं आणि रक्तातली साखर चढलेली असली तर चित्र बिघडतं. टॉविडला उपास लागत नाही, मधुमेहींना हे सोयीचं.

प्रत्यक्ष दिवशी: मात्रा ३७० मेगाबेकरेल, किरणोत्साराचा भार सुमारे ९ मिलिसीव्हर्ट, सीटीचा वेगळा. फ्लोरिन-१८ चा अर्धायुष्यकाळ ११० मिनिटांचा, त्यामुळे रुग्ण अर्धा तास उशिरा आला तर मोठी अडचण होते. मात्रा केंद्रावर पोचण्याची वेळ आधी ठरवलेली असते. टोचल्यावर भरपूर पाणी प्यावं, स्कॅनआधी लघवीला जाऊन यावं. मशीनमधली २० मिनिटं हाच खरा अडथळा. गोंधळलेला रुग्ण मान वळवतो, उठू पाहतो. डोक्याखाली नीट बसणारी उशी, कपाळावर पट्टा, खोलीत ओळखीचा माणूस आणि चित्रं एका सलग २० मिनिटांऐवजी ५ मिनिटांच्या चार तुकड्यांत घेणं, यातलं शेवटचं सगळ्यांत कामाचं. एक तुकडा बिघडला तरी बाकीचे सरळ करून जुळवता येतात.

घ्यावा की नाही? नुसत्या निदानासाठी बहुतेकांना गरज नाही. उपचार ठरवायचा असेल तर गोष्ट वेगळी. डोनानेमॅब या अमायलॉइड काढणाऱ्या औषधाच्या २०२३ च्या मोठ्या चाचणीत रुग्णांची विभागणीच टाऊ पेटवर केली होती. टाऊ कमी ते मध्यम असलेल्यांत मुख्य मोजपट्टीवरची घसरण ३५ टक्क्यांनी मंदावली, जास्त टाऊवालेही धरले तर २२ टक्क्यांनी. टाऊ कॉर्टेक्सभर पोचल्यावर अमायलॉइड काढून फारसं हाती लागत नाही, हा त्याचा सरळ अर्थ. कमी वयात सुरू झालेल्या, दृष्टी किंवा भाषेने सुरुवात झालेल्या रुग्णांतही स्कॅन करावा.

पाठवणीच्या चिठ्ठीवर वय, पहिली तक्रार कोणती आणि किती महिन्यांपासून, डावखुरेपणा, आणि अमायलॉइडचा निकाल झाला असेल तर तो, एवढं तरी हवं. रिपोर्टमध्ये ‘पॉझिटिव्ह’ एवढ्यावर समाधान न मानता चारही टेम्पोरल तुकडे, ऑक्सिपिटल, परायटल, प्रिक्युनिअस आणि फ्रंटल, उजवं-डावं वेगळं, असं मागावं. मूळ डायकॉम फाइल्स (स्कॅनची मूळ चित्रं) सीडीवर नाही, पेनड्राइव्हवर घ्याव्यात आणि जपून ठेवाव्यात. पुढे दुसरा स्कॅन झाला तर तो त्याच मशीनवर, त्याच ८० मिनिटांनी आणि त्याच संदर्भभागाने व्हायला हवा. नाहीतर दोन आकड्यांमधला फरक रोगाचा की मशीनचा, हे ठरवायला काहीच उरत नाही.